सर्व्हरचे खाडे मांडून ठेवा

छोट्या ऑफिसांतल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्हाला येणाऱ्या फोनमधलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘सर्व्हर परत गेला.’ दुसरंही ठरलेलं : ‘बंद करून चालू केला, आता चाललाय, पण एकदा येऊन बघून जा.’ आम्ही येतो तेव्हा सगळं सुरळीत असतं आणि बघण्यासारखं काही उरलेलं नसतं. चार दिवसांनी पुन्हा फोन.

हे पत्रक मधल्या त्या चार दिवसांसाठी आहे. पाच ते वीस संगणकांची ऑफिसं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय : सीए, वकील, औषधांचे होलसेलर, छोटे कारखाने. अशा ठिकाणी सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातला जरा बरा संगणक. त्यात टॅलीचा डेटा, सगळ्यांचं एक फोल्डर आणि वर चिकटवलेली ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी.

विनंती एकच. घरी दुधाचे खाडे कालनिर्णयवर मांडतात तसे सर्व्हरचे खाडे मांडा. तारीख, वेळ, कोणाकोणाचं अडलं, आणि त्याआधी काय घडलं होतं : वीज गेली, नवा प्रिंटर आला, कोणी टेबल हलवलं. पडद्यावर आलेल्या संदेशाचा मोबाइलवर फोटो काढा आणि मगच बटणाला हात लावा. महिन्याभराचं ते पान आम्हाला दोन तासांच्या तपासणीपेक्षा जास्त सांगून जातं.

एकाचं अडलंय की सगळ्यांचं?

एकाच टेबलावर अडलं असेल तर सर्व्हरला हात लावू नका. दोष त्या संगणकात, त्याच्या वायरीत किंवा त्याच्या पासवर्डात आहे. एकासाठी सर्व्हर बंद केलात तर बाकी सगळ्यांच्या अर्धवट एंट्र्या जातात, आणि डेटा खराब व्हायची भीती असते ती वेगळीच.

सगळ्यांचं अडलं असेल तर आधी सर्व्हरवरच जाऊन फोल्डर उघडून बघा. तिथे उघडलं, म्हणजे सर्व्हर ठणठणीत आहे आणि दोष वाटेत आहे. आमच्या अनुभवात बहुतेक वेळा असंच निघतं.

ब्राउझरमध्ये ५०२, ५०३ किंवा ५०४ असा आकडा दिसत असेल आणि बाकीच्या वेबसाइट उघडत असतील, तर तो बिघाड तुमच्या ऑफिसातला नाही. पलीकडच्या वेबसाइटवर ताण आलाय. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास, जीएसटी विवरणपत्रांच्या गर्दीत, असे फोन हमखास येतात. अशा वेळी आम्ही येऊन काही उपयोग नाही. चहा घ्या आणि थोड्या वेळाने प्रयत्न करा.

वीज जाऊन आली की सर्व्हर ‘हरवतो’

कालनिर्णयवरचे खाडे वीज गेलेल्या दिवसांशी जुळत असतील, तर कारण बहुधा पत्त्याचं आहे. ऑफिसातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आयपी पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. बरेच साधे राउटर कोणाला कोणता पत्ता दिला याची यादी वीज जाताच विसरतात. वीज आल्यावर जो आधी मागेल त्याला आधी पत्ता. कालपर्यंत सर्व्हरकडे असलेला पत्ता आज कोणाच्या तरी मोबाइलला मिळतो, आणि सगळ्यांच्या डेस्कटॉपवरचा शॉर्टकट त्या मोबाइलचं दार ठोठावत बसतो. पडद्यावर येतं ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’, कधी सोबत ८००७००३५ हा आकडा. बंद-चालू करताना योगायोगाने जुना पत्ता परत मिळाला तर सगळं चालतं आणि तुम्हाला वाटतं, दुरुस्त झालं.

यावर उपाय कायमचा आहे आणि स्वस्तही. सर्व्हर आणि प्रिंटरला पक्के पत्ते द्यायचे आणि राउटरला सांगायचं की पत्त्याच्या शेवटच्या आकड्याचं वाटप तू १०० च्या पुढून कर. आमच्या सगळ्या ग्राहकांकडे सर्व्हर १० वर आणि प्रिंटर २० पासून पुढे ठेवतो. प्रिंटरवर त्याच्या पत्त्याची पट्टीही चिकटवतो, कारण नवा प्रिंटर बसवणारा माणूस हमखास कोणाचा तरी पत्ता उचलतो.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. वायर, स्विच (ऑफिसातल्या सगळ्या नेटवर्क वायरी जिथे जोडतात तो डबा) आणि राउटर या क्रमाने बघा.

याच घराण्यातला दुसरा प्रकार जास्त छळतो. आतल्या केबिनमध्ये वायफाय पोचत नाही म्हणून कोणीतरी घरचा जुना राउटर आणून जोडतं. आता पत्ते वाटणारे दोन झाले. सकाळी कोण कोणाकडून पत्ता घेईल ते नशिबावर, त्यामुळे रोज वेगळ्याच दोघा-तिघांचं अडतं. एका सीए ऑफिसात आम्ही तीन फेऱ्या मारल्या आणि सर्व्हरची रॅमसुद्धा बदलून पाहिली. शेवटी तो राउटर फाइलींच्या कपाटामागे सापडला. रॅमचे पैसे अर्थातच घेतले नाहीत. जुना राउटर वापरायला हरकत नाही, पण त्यातलं पत्ते वाटण्याचं काम आधी बंद करावं लागतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर

खाडे रोज दोन-अडीचच्या सुमारास पडत असतील तर सर्व्हर झोपतोय. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘कधीच नाही’ करा. नेटवर्क कार्डाला वीज वाचवण्यासाठी बंद व्हायची परवानगी असते, तीही काढा.

जाता जाता : विंडोज १० आणि ११ मध्ये ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू केलेला संगणक बऱ्याचदा पूर्ण ताजा होत नसतो. फास्ट स्टार्टअपमुळे आतला काही भाग गोठवून ठेवलेला असतो आणि तोच परत आणला जातो. खरोखर नव्याने सुरू करायचं तर ‘रीस्टार्ट’ दाबा.

वायरीकडे कोणी बघत नाही

लॅनच्या, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कच्या, केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिट म्हणजे १००० एमबीपीएस वेगाला आठही लागतात, १०० एमबीपीएसला चारच पुरतात. त्यामुळे उरलेल्या चारांपैकी दोन उंदराने कुरतडल्या किंवा खुर्चीच्या चाकाखाली एक तुटली तरी नेटवर्क बहुधा बंद पडत नाही, दहापट हळू होतं. टॅली अडकत चालते आणि दोष सर्व्हरच्या वयाला दिला जातो.

एक प्रकार मात्र सगळं ऑफिस एका क्षणात ठप्प करतो. झाडलोट करताना लोंबणारी वायर दिसते, ‘निघाली वाटतं’ म्हणून कोणी ती जवळच्या भोकात खोचतं, आणि एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये जातात. साध्या स्विचमध्ये मग तेच ते संदेश गरगर फिरत राहतात आणि सगळे दिवे एकसाथ पिसाटल्यासारखे लुकलुकतात. ती वायर काढली की मिनिटाभरात सगळं पूर्ववत. टॅलीचा डेटा वायफायवरून चालवू नका, हेही इथेच सांगून ठेवतो. लिहिता लिहिता जोडणी तुटली की कंपनीचा डेटा रीपेअर करत बसावं लागतं.

नवा संगणक घेतला आणि फोल्डर उघडेना

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज प्रो असलेले संगणकही बिनपासवर्डाचं, ‘गेस्ट’ म्हणून उघडणारं फोल्डर नाकारतात. हा बिघाड नसून बंदोबस्त आहे. सर्व्हरवर प्रत्येकासाठी पासवर्डासह खातं करावं लागेल. इंटरनेटवर कोणी ‘एसएमबी १ (फोल्डर वाटून घेण्याची जुनी पद्धत) चालू करा’ असा सल्ला दिला तर ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो त्याच जुन्या दारातून. घरून काम करता यावं म्हणून राउटरवर ३३८९ पोर्ट (दुरून संगणक चालवण्याचं दार) उघडणं हाही तसाच आत्मघात. त्यासाठी व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसात यायची सुरक्षित खासगी वाट, लावून देतो.

विंडोज १० किंवा ११ च्या संगणकाशी एका वेळी जास्तीत जास्त २० जोडण्या होतात. माणसं वाढली आणि ‘आणखी जोडणी शक्य नाही’ असा संदेश येऊ लागला, तर खऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरची वेळ आली असं समजा. आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे सर्व्हर त्यावर असेल तर आधी ते बोलू.

सर्व्हर आपली डायरी लिहितो

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर असतो. तिथल्या ‘सिस्टिम’ विभागात लाल-पिवळ्या खुणा बघा. तिथे क्रमांक ४१ किंवा ६००८ म्हणजे संगणक नीट बंद न होता अचानक गेला. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांची असेल तर पहिला संशय तिच्यावर. ४१९९ म्हणजे दोघांचा पत्ता एकच. डिस्कच्या नावाने ७ किंवा १५३ पुन्हा पुन्हा दिसलं, तर दुसरं काहीही करू नका. डिस्क तपासायचा प्रोग्रामही चालवू नका, त्याने आजारी डिस्कवर आणखी ताण येतो. आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.

सगळं बंद करून चालू करायचंच असेल तर क्रम पाळा : फायबरचा डबा, मग राउटर, मग स्विच, मग सर्व्हर, शेवटी बाकीचे संगणक आणि प्रिंटर. प्रत्येक पायरीनंतर दोन मिनिटं थांबा.

फोन करताना कालनिर्णयचं पान समोर घेऊन बसा, संदेशाचा फोटो आधीच व्हॉट्सॲपवर पाठवा. निम्मी कामं फोनवरच होतात आणि त्याचे आम्ही पैसे लावत नाही. रविवारी फोन उचलतो, पण डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तरच करा.