नवोदयचा फॉर्म भरताय? आधी पोराची तिसरी-चौथी कुठल्या शाळेत झाली ते बघा

नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, तिथं सहावीला प्रवेश परीक्षेतून मिळतो. दरवर्षी त्या परीक्षेचा रिझल्ट लागला की दोन-चार पालक माझ्याकडे येतात. लेकराचा नंबर लागलेला असतो, गावात पेढे वाटून झालेले असतात आणि मग कागद तपासताना ॲडमिशन अडकतं. दोन तासांत ८० प्रश्न सोडवून पोरानं त्याचं काम केलेलं असतं, चूक आपण मोठ्यांनी फॉर्म भरताना केलेली असते. म्हणून नीट वाचा.

फॉर्म नवोदय विद्यालय समितीच्या वेबसाइटवर ऑनलाइन भरायचा, त्याला फी नाही. सेवा केंद्रवाला त्याच्या मेहनतीचे घेईल तेवढेच द्या. "नवोदयची फी" म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

सगळ्यात जास्त घोळ ग्रामीण कोट्यात होतो. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या पोरांना. पण ग्रामीण म्हणजे गावात घर आहे, सातबारा आहे असं नाही, तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली पाहिजेत. या तीन वर्षांत शहरी भागातल्या शाळेच्या पटावर एक दिवस जरी नाव असेल तरी ते पोरगं शहरी धरतात. एक दिवस! आमच्याकडची एक मुलगी तिसरीत आई आजारी म्हणून तीन महिने मामाकडे शहरात राहिली, तिथल्या शाळेत नाव घातलं, परत आली, वडिलांनी फॉर्मवर ग्रामीणला टिक केलं आणि निवड झाल्यावर ते उघडकीला आलं. तिच्या वडिलांचा चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही. आणि तुमचं गाव नगरपंचायत झालं असेल तर तिथली शाळा शहरी भागात जाते, भले गावात अजून बैलगाड्या फिरत असोत. आपल्याकडे बऱ्याच तालुक्याच्या गावांचं असं झालंय आणि पालकांना पत्ताच नसतो. मुख्याध्यापकांना विचारा, त्यांच्याकडून लेखी घ्या.

यावर लोक भांडतात, आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं मला कळतं. नियम कडक नसेल तर शहरातले लोक खेड्यातल्या शाळेत नुसतं नाव घालून क्लासला शहरातच बसवतील आणि गावच्या पोरांच्या जागा जातील. पण कामासाठी हलणारं गरीब घर याच नियमात सापडतं, त्यांच्यासाठी काहीतरी सोय असायलाच हवी असं माझं मत आहे. ती होईपर्यंत ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांना माझं हात जोडून सांगणं आहे की पाचवीच्या वर्षी दाखला काढून लेकराला सोबत नेऊ नका. गावात हंगामी वसतिगृह असेल तर तिथे ठेवा, नाहीतर आजीकडे ठेवा. कारण पाचवी ज्या जिल्ह्यात त्याच जिल्ह्याच्या नवोदयला फॉर्म भरता येतो आणि राहण्याचा पत्ताही त्याच जिल्ह्यातला लागतो. जिल्ह्याच्या सीमेवर राहणाऱ्यांचीही हीच गत, घर इकडं आणि शाळा ओढ्यापलीकडं दुसऱ्या जिल्ह्यात. आधारवर जुना पत्ता असेल तर आत्ताच बदलून घ्या, शेवटच्या आठवड्यात आधार केंद्रावर उभं राहायला जागा नसते.

दुसरी चूक वर्षाची. फॉर्म पाचवीत असतानाच भरायचा, साधारण जून-जुलैमध्ये सुरू होतात. पाचवीचा निकाल लागल्यावर चौकशी करणारे दरसाल भेटतात, त्यांना काय सांगणार. पुढच्या वर्षी भरू म्हणाल तर तेही नाही, ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पोराला पाचवीतच पुन्हा बसवलं तरी चालत नाही. जन्मतारखेलाही मर्यादा आहे, २०२६ च्या प्रवेशासाठी १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ मधला जन्म हवा होता, आणि यात एससी-एसटीलाही सूट नाही. शाळेच्या रजिस्टरला एक तारीख आणि आधारला दुसरी असं असेल तर आधी ते सरळ करा.

जातीच्या रकान्यात ओबीसीला टिक करण्याआधी केंद्राच्या यादीत जात आहे का बघा, राज्याची यादी इथं लागत नाही. व्हीजेएनटी (भटके-विमुक्त), एसबीसी (विशेष मागास) असे राज्याचे रकानेच नाहीत, एसईबीसीचा (राज्याच्या मराठा आरक्षणाचा) दाखला उपयोगाचा नाही. दाखला केंद्राच्या नमुन्यातला हवा, आणि सेतूवाला बहुतेक वेळा न विचारता राज्याचाच काढून देतो, म्हणून अर्ज करतानाच सांगा. केंद्राच्या यादीत नाव नसेल तर जनरलमधूनच भरा.

बाकी फोटो, पोराची सही, पालकाची सही आणि मुख्याध्यापकांनी सही-शिक्का केलेलं प्रमाणपत्र एवढं अपलोड करायचं, जेपीजीमध्ये, १० ते १०० केबी. परीक्षेची भाषा मराठी की इंग्रजी हे पोराला विचारून भरा. मोबाइल नंबर स्वतःचा द्या, केंद्रवाल्याचा नको, हॉल तिकिटाच्या वेळी तो सापडत नाही.

आणि यादीत नाव आलं म्हणून लगेच जुन्या शाळेतून दाखला काढायला पळू नका. ती निवड तात्पुरती असते, विद्यालयात मूळ कागद तपासून प्रवेश पक्का झाला असं सांगितलं की मगच काढा.