इंटिरिअरमध्ये मास्टर्स: एम.आर्क. की एम.डेस.?

'इंटिरिअरमध्ये मास्टर्स करतेय' असं कोणी सांगितलं की दादर-ठाण्याच्या घरांत पुढचा प्रश्न फीचा असतो, नाहीतर नोकरीचा. कुठलं मास्टर्स, हे सहसा कोणी विचारत नाही. खरं तर तोच प्रश्न आधी विचारायला हवा. कारण या एका वाक्यामागे दोन निरनिराळ्या पदव्या असतात. एक एम.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदव्युत्तर पदवी, ज्यात इंटिरिअर हा विशेष विषय असतो. दुसरी एम.डेस., म्हणजे डिझाइनची. दोन्हींत स्टुडिओ असतो, ज्यूरी (काम तपासणाऱ्या परीक्षकांचं मंडळ) असते, रात्रभर जागून मॉडेल चिकटवणं असतं. माहितीपत्रकांतले फोटोही सारखेच दिसतात. म्हणून गोंधळ होतो, आणि तो बऱ्याचदा अर्ज भरायला बसल्यावरच लक्षात येतो.

सुरुवात पात्रतेपासून करू, कारण निम्म्या लोकांचा प्रश्न तिथेच सुटतो. एम.आर्क.ला बी.आर्क. लागतं. पाच वर्षांचं बी.आर्क. नसेल तर इंटिरिअरचा डिप्लोमा, बी.डेस. किंवा दहा वर्षांचा साइटचा अनुभव असूनही ते दार उघडत नाही. एम.डेस.चं दार बरंच रुंद आहे. काही संस्था डिझाइन किंवा आर्किटेक्चरची पार्श्वभूमी मागतात, काहींना कुठलीही पदवी चालते. बी.आर्क.वालेही तिथे जातात आणि बऱ्याच संख्येने जातात. म्हणजे 'एम.आर्क. करू की एम.डेस.' हा पेच खऱ्या अर्थाने फक्त बी.आर्क. झालेल्यांचा आहे. बाकीच्यांनी त्यात महिने घालवू नयेत. त्यांच्यासाठी निवड आधीच झालेली आहे.

परीक्षाही वेगळ्या. एम.आर्क.साठी 'गेट' या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेचा आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा पेपर उपयोगी पडतो. तीन तास, शंभर गुण, आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. त्यात बांधकाम साहित्य, इमारतींतल्या सेवा, हवामान, वास्तुकलेचा इतिहास असं सगळं येतं. राज्यातल्या महाविद्यालयांची प्रवेशप्रक्रिया राज्याच्या सीईटी सेलमार्फत होते, त्यामुळे तिच्या तारखांवर डोळा ठेवावा लागतो. एम.डेस.साठी 'सीड' ही मोठी परीक्षा. ती पवईची आयआयटी घेते. पहिला भाग संगणकावर, दुसरा हाताने: स्केच काढा, वस्तू सुचवा, कल्पना मांडा. स्कोअर एकच वर्ष चालतो, वयाची अट नाही. पदवी निदान तीन वर्षांची हवी, पण जी.डी. आर्ट या चित्रकलेच्या डिप्लोमावाल्यांनाही एका वर्षाच्या अनुभवावर बसता येतं. मुंबईतल्या चित्रकला महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या अनेकांना हे माहीतच नसतं.

इथे एक मोठी फसगत सांगायलाच हवी. मुंबईची मुलं 'सीड'ची तयारी करतात ती पवई डोळ्यांसमोर ठेवून. तिथलं आयडीसी, म्हणजे आयआयटीचं डिझाइन स्कूल, १९६९ पासूनचं आहे, नाव मोठं आहे, घरापासून लोकलने जाता येतं. पण आयडीसीत इंडस्ट्रियल डिझाइन, कम्युनिकेशन, ॲनिमेशन, इंटरॅक्शन आणि वाहनांचं डिझाइन शिकवतात. इंटिरिअर ही शाखाच नाही. फर्निचर आणि इंटिरिअर हवं असेल तर अहमदाबादची एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) आहे, आणि तिची प्रवेशपरीक्षा वेगळी आहे. अहमदाबादच्याच सेप्ट विद्यापीठातही इंटिरिअरचं मास्टर्स आहे. एम.आर्क.बाबतही असाच भ्रम असतो. जुहूच्या केआरव्हीआयए या आर्किटेक्चर महाविद्यालयात एम.आर्क. म्हणजे अर्बन डिझाइन आणि अर्बन कॉन्झर्वेशन. महाविद्यालय नावाजलेलं आहे म्हणून आपली शाखा तिथे असेलच असं गृहीत धरू नका. थोडक्यात, इंटिरिअरसाठी मुंबईकराला गुजरात मेलचं तिकीट काढावं लागण्याची शक्यता बरीच आहे.

आता पोर्टफोलिओ. माझ्या मते अर्जाचा सगळ्यात अवघड भाग हाच, आणि दोन्हीकडे एकच पीडीएफ पाठवणं हा सगळ्यात सर्रास होणारा घोटाळा.

एम.आर्क.च्या पॅनेलला इमारत वाचता येते की नाही हे बघायचं असतं. प्लॅन, सेक्शन, स्ट्रक्चरची समज, उजेड कुठून येतो, डक्ट कुठून जातो. अंतिम वर्षाचा थीसिस सविस्तर दाखवला तरी चालतं. एम.डेस.च्या पॅनेलला बस टर्मिनलचा मास्टरप्लॅन दाखवून फारसा उपयोग नसतो. त्यांना माणसाच्या शरीराएवढ्या मापातला विचार हवा असतो. एकास वीसचा सेक्शन, एकास पाचचं जोडकामाचं डिटेल, सुताराबरोबर बसून बनवलेलं एखादं स्टूल आणि ते तिसऱ्यांदा का बदललं याची पानं. शेवटचं चकचकीत चित्र त्यात सगळ्यात कमी महत्त्वाचं.

मुंबईच्या ऑफिसांत एक-दोन वर्षं काम केलेल्यांची इथे पंचाईत होते. त्यांच्याकडे दाखवायला भरपूर रेंडर (संगणकावर केलेली हुबेहूब चित्रं) असतात, पण ते बाहेरच्या थ्रीडीवाल्याकडून करून घेतलेले. वांद्र्याच्या चार बेडरूमच्या फ्लॅटची इटालियन मार्बलवाली चित्रं लावली की मुलाखतीत पहिला प्रश्न येतो: यात तुम्ही काय केलंत? त्यापेक्षा वर्किंग ड्रॉइंगचं एक पान लावा. त्यावर किचन ओट्याची उंची का बदलली, मोरीचा उंबरठा का ठेवला, हे दोन ओळींत लिहा. टीमचं काम असेल तर आपला वाटा स्पष्ट सांगा. क्लायंटच्या घराचे फोटो वापरण्याआधी ऑफिसला विचारा.

हेतुपत्राबद्दल एवढंच, की 'लहानपणापासून चित्रकलेची आवड' आणि इंटरमिजिएटची ए ग्रेड यांनी सुरुवात करू नये. जवळजवळ प्रत्येक मराठी अर्जात ती असते.

आत गेल्यावर फरक कसा दिसतो हे एकाच विषयावर ताडून बघू. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी गेल्या शतकाच्या विसाच्या दशकात उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. म्हाडाच्या पुनर्विकासात त्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळतं. एम.आर्क.चा विद्यार्थी हा विषय घेईल तेव्हा तो खोलीच्या बाहेरूनही बघेल. जुन्या मजल्यावरच्या सामायिक मार्गात मुलं अभ्यास करायची, पापड वाळायचे, भांडणं मिटायची. ती जागा टॉवरमध्ये कुठे गेली? लिफ्टची लॉबी तिचं काम करते का? आतल्या घरात वारा फिरतो का, दोन टॉवरमधलं अंतर उजेडाला पुरतं का? तो मोजमापं घेईल, आधीचे प्रकल्प अभ्यासेल, शोधनिबंध लिहील आणि त्यातून आलेल्या निष्कर्षांवर थीसिसचं डिझाइन उभं करेल. बाहेरचा परीक्षक त्याला विचारेल तो प्रश्न साधारण असा असतो: हे एका इमारतीपुरतं आहे की यातून पुढच्यांना काही नियम सापडतो?

एम.डेस.चा विद्यार्थी त्याच ५०० चौरस फुटांत दार लावून बसेल. सात माणसांचं कुटुंब, त्यात एक आजी, एक रात्रपाळीवरून येणारा मुलगा आणि गणपतीत येणारे दहा पाहुणे. चाळीत पोटमाळ्यावर होतं ते सामान आता कुठे? देव्हारा कुठल्या भिंतीला? दुपारी झोपणाऱ्याला अंधार आणि शेजारी अभ्यास करणाऱ्याला उजेड कसा द्यायचा? तो एक पलंग-कपाट बनवेल, प्रत्यक्ष मापाचं, प्लायमध्ये. एखाद्या घरात नेऊन ठेवेल, लोक तो कसा वापरतात हे बघेल, मग बिजागऱ्या बदलेल. शेवटचा प्रकल्प अनेकदा एखाद्या कंपनीबरोबर किंवा संस्थेबरोबर असतो, आणि त्याची सगळी वाटचाल सांगणारं जाडजूड पुस्तक सादर करावं लागतं. त्याच्या ज्यूरीत प्रश्न येतो: हे कितीला पडेल, आणि मधला पाय का आहे?

दोन्ही कामं लागतातच. पण ज्याला बिजागरीत रस आहे त्याने एम.आर्क.ला जाऊन दोन वर्षं कंटाळू नये, आणि ज्याला लॉबीचं कोडं पडतं त्याला एम.डेस.मध्ये गुदमरायला होईल. अंतिम सत्रात रखडणाऱ्यांचं कारण आळस असतोच असं नाही. चुकीच्या ज्यूरीसमोर बरोबर विषय मांडला जातो, हेही असतं.

तिसऱ्या एका नावाने गोंधळात भर पडते: पीजी डिप्लोमा. यूजीसी कायद्याच्या कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. बाकी खासगी संस्थेची जाहिरात 'मास्टर्स' म्हणत असली तरी प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचं नाव छापलं जाईल ते विचारा. डिप्लोमा म्हणजे दर्जा कमी, असं मात्र नाही. २०१४ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था होईपर्यंत खुद्द एनआयडी डिप्लोमाच देत असे, आणि त्या लोकांना कामाची ददात पडली नाही. पीएच.डी. किंवा प्राध्यापकी डोक्यात असेल तर मात्र पदवीच हवी. आर्किटेक्चर कॉलेजात शिकवायचं असेल तर बी.आर्क.वर एम.आर्क. हा सरळ रस्ता आहे.

राहिला सहीचा प्रश्न. 'आर्किटेक्ट' ही उपाधी १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टने राखून ठेवली आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यानेच ती लावायची. इंटिरिअर डिझायनरला अशी सरकारी नोंदणी लागत नाही. त्याच वर्षी स्थापन झालेली आयआयआयडी ही इंटिरिअर डिझायनरांची संघटना आहे आणि तिचं मुख्यालय मुंबईतच आहे, पण तिचं सदस्यत्व म्हणजे परवाना नव्हे. त्यामुळे मुंबईतल्या फ्लॅटमध्ये रंग, लाद्या, फॉल्स सीलिंग, फर्निचर इथपर्यंत एम.डेस.वाल्याचं कुठे अडत नाही. सोसायटीचं पत्र आणि कामाच्या वेळा सांभाळल्या की झालं. भिंत पाडायची वेळ आली की चित्र बदलतं. महापालिका कायद्याच्या कलम ३४२ मध्ये किरकोळ दुरुस्त्यांना सूट आहे, रचनेतल्या बदलांना नाही. तिथे आर्किटेक्ट किंवा लायसन्स्ड सर्व्हेअर लागतो, शिवाय स्ट्रक्चरल इंजिनिअर. मास्टर्सच्या कागदाने ती सही येत नाही, मग ते मास्टर्स परदेशातलं का असेना.

म्हणूनच बी.आर्क. झालेल्यांना मी सहसा एम.डेस. सुचवते, निदान ज्यांना घरांच्या आतच काम करायचंय त्यांना. सहीचा अधिकार बी.आर्क.वरच्या नोंदणीतून मिळालेला असतो आणि डिझाइनला गेल्याने तो जात नाही. अहमदाबादेत असताना कौन्सिलचं नूतनीकरण तेवढं चुकवू नये.