डोक्यावरची गाठ 'चरबीची' नसते

घोडबंदर रोडवरून रोज हेल्मेट घालून जाणाऱ्याला डोक्यावरची लिंबाएवढी गाठ फार दिवस विसरता येत नाही. सलूनमध्ये कंगवा अडतो आणि कोणीतरी सांगते, "चरबीची गाठ आहे, चुना लाव, विरघळेल." चुन्याने कातडी भाजते, गाठ तशीच राहते. सुरी लागली की कॅन्सर होतो, हीसुद्धा निव्वळ भीती आहे.

डोक्यावरच्या टणक, गुळगुळीत, हलणाऱ्या गाठी बहुतेक वेळा केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणातून बनलेल्या पिशव्या असतात. आत चरबी नव्हे, केराटिन असते. नखांत आणि केसांत असते तेच प्रथिन. पिशवीचे अस्तर आतल्या बाजूला पेशी टाकत राहते, त्यांना बाहेर पडायला वाट नसते, म्हणून गाठ वर्षानुवर्षे फुगते. पुष्कळदा ती आईला असते आणि मुलीलाही होते. दाबून आतले काढले तरी अस्तर उरले की ती पुन्हा भरते.

शस्त्रक्रिया बहुधा तेवढीच जागा बधिर करणाऱ्या इंजेक्शनवरच होते. बधिर करणाऱ्या लिग्नोकेन या औषधात 1:2,00,000 प्रमाणात अॅड्रेनालिन, म्हणजे रक्तवाहिन्या आवळणारे औषध, मिसळलेले असते. अशा लिग्नोकेनची कमाल मात्रा वजनाच्या किलोमागे 7 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाला 420 मिलिग्रॅम, म्हणजे 2 टक्के औषधाचे 21 मिलिलिटर. टोचल्यावर सात-दहा मिनिटे थांबायचेच, कारण खरी अडचण रक्तस्रावाची आहे. हाताची छोटी रक्तवाहिनी कापली तर ती आकसून आत ओढली जाते आणि तोंड मिटते. डोक्याच्या कातडीला पाच थर असतात आणि रक्तवाहिन्या दुसऱ्या थरात, घट्ट तंतूंत जखडलेल्या असतात. कापल्यावर त्यांना आकसताच येत नाही, तोंड उघडेच राहते. म्हणून अॅड्रेनालिनने त्या आधीच आवळून घेतात, आणि सहायक जखमेच्या दोन्ही कडा बोटांनी कवटीवर दाबून धरतो.

सुरीचे पाते केसांच्या तिरकेपणाला समांतर धरतात. सरळ उभे धरले तर मुळे कापली जातात आणि व्रणाशेजारी टक्कल राहते. गाठ मोठी असेल तर तिच्यावरची कातडी पातळ झालेली असते. तिचा पानाच्या आकाराचा तुकडा गाठीसोबतच काढतात. मग बोथट कात्रीचे तोंड उघडत-उघडत पिशवी सुटी करायची. भिंत जाड असल्याने नेमका थर सापडला की ती सोललेल्या लिचीसारखी अख्खी बाहेर येते. फुटली तर पांढरा लगदा पुसून अस्तराचा तुकडा न् तुकडा वेचावा लागतो.

उरलेल्या पोकळीत रक्त साठू नये म्हणून एक-दोन दिवस दाबपट्टी, टाके सात ते दहा दिवसांनी. फार मोठ्या गाठीनंतर कातडी पुरली नाही तर शेजारची कातडी फिरवून आणतात. गाठ तपासणीला पाठवायलाच हवी, कारण क्वचित एखादी निराळी निघते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. गाठीत पू झाला असेल तर तो आधी काढतात, पिशवी काही आठवड्यांनी.

ठाण्यात कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात केसपेपर काढून सर्जरी विभागात दाखवता येते. लहान मुलाच्या डोक्यावर मधोमध जन्मापासून गाठ असेल तर मात्र कापण्याआधी सीटी किंवा एमआरआय करून घ्या, कारण अशा गाठीची मुळी कधीकधी कवटीतून आत मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेली असते.