ती सोडून का जात नाही? कबुतरांना विचारा

कॉलेजातल्या मुलीला तिचा मित्र छळतो हे बाहेर आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘मग ती त्याला सोडून का नाही गेली?’ विचारणाऱ्याकडे उत्तरही तयार असतं. मुलगी बावळट असणार, नाहीतर तिलाच ते हवं असणार. जरा समजूतदार माणूस असला तर ‘प्रेम आंधळं असतं’ म्हणून विषय संपवतो. यातल्या एकाही उत्तराने काही कळत नाही. मेंदू शिकतो कसा, याबद्दल जे माहीत आहे, त्यातून मात्र बरंच कळतं.

गोव्यात फोंडा, डिचोली भागातल्या हायर सेकंडरींत विज्ञानावर बोलायला माझं जाणं होतं. शेवटी मुलांकडून निनावी चिठ्ठ्या घेतो. कृष्णविवरावरच्या चिठ्ठ्या येतातच, पण मधूनच वेगळी एखादी निघते. तिचा मजकूर ओळख पटणार नाही इतपत बदलून देतो: ‘तो मारत वगैरे नाही. फक्त बसमध्ये बसल्यावर तिकिटाचा फोटो मागतो. नाही पाठवला तर दोन दिवस बोलत नाही. मग अचानक इतका चांगला वागतो की मलाच वाईट वाटतं. हे नॉर्मल आहे का?’

वाचणाऱ्याचं लक्ष तिकिटाच्या फोटोकडे जातं. माझं गेलं ‘अचानक’ या शब्दाकडे.

बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांना पेटीत ठेवून एका बटणावर चोच मारायला शिकवलं. चोच मारली की दाणे. पुढे चार्ल्स फर्स्टर यांच्यासोबत त्यांनी दाणे देण्याचे निरनिराळे नियम लावून पाहिले आणि १९५७ मध्ये ते सगळं काम प्रसिद्ध केलं. दर वेळी दाणे मिळत असलेलं कबूतर, दाणे बंद झाले की थोड्याच वेळात बटणाचा नाद सोडतं. पण कधी तिसऱ्या टोच्याला, कधी तेराव्या, कधी लागोपाठ दोनदा, असे बेभरवशाचे दाणे मिळालेलं कबूतर ते पूर्ण बंद झाल्यावरही टोचे मारत राहतं. कमी मिळालं, तरी चिकाटी जास्त. मांडवीतल्या कॅसिनोंमधली स्लॉट मशीन याच हिशेबावर चालतात. गोमंतकीयांना त्या कॅसिनोंत शिरायला २०२० च्या फेब्रुवारीपासून बंदी आहे. खिशातल्या फोनला ती लागू नाही.

हे असं का होतं, ते समजायला थोडं गणित करावं लागेल. दहावीपर्यंतचं पुरे.

रेस्कोर्ला आणि वॅगनर या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये शिकण्याचं एक साधं सूत्र मांडलं. नवी अपेक्षा म्हणजे जुनी अपेक्षा अधिक फरकाचा काही हिस्सा. आणि फरक म्हणजे मिळालं ते वजा अपेक्षित होतं ते. हा हिस्सा एक पंचमांश धरू. एखादा मित्र रोज नीट वागतो, त्याच्या वागण्याला १० गुण. पहिल्या दिवशी अपेक्षा ०, फरक १०, म्हणून नवी अपेक्षा २. दुसऱ्या दिवशी फरक ८, अपेक्षा ३.६. तिसऱ्या दिवशी फरक ६.४, अपेक्षा ४.८८. वीस दिवसांत अपेक्षा ९.९ च्या आसपास पोचते आणि फरक जवळजवळ शून्यावर येतो. आता दुसरा मित्र घ्या. निम्मे दिवस १०, निम्मे दिवस ०, आणि कोणता दिवस कसा जाणार ते कुणालाच माहीत नाही. इथे अपेक्षा ५ च्या आगेमागे हेलकावत राहते. चांगला दिवस आला की फरक साधारण अधिक ५, वाईट आला की साधारण उणे ५. महिना जावो की वर्ष, हा फरक शून्यावर येतच नाही.

आता हा ‘फरक’ निव्वळ कागदावरचा आकडा नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशींचे विद्युत संदेश मोजले. फळाचा रस अनपेक्षितपणे तोंडात पडला की पेशी जोरात चेतत. रसाआधी दर वेळी खूण दाखवली, तर काही काळाने पेशी खुणेलाच चेतत आणि रस आल्यावर गप्प राहत. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर तो यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी त्यांचं चेतणं नेहमीपेक्षा खाली जाई. म्हणजे या पेशी सुख मोजत नव्हत्या, मिळालेलं आणि अपेक्षित यांतला फरक मोजत होत्या. पीटर डायन आणि रीड माँटेग यांच्यासह शुल्ट्झ यांनी १९९७ मध्ये हा मेळ मांडला. (तेव्हा ‘डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन’ सांगणारी रील दिसली की खुशाल पुढे सरकवा. ‘डोपामिन डिटॉक्स’ची तर आणखी लवकर.)

चिठ्ठीकडे परत येऊ. दोन दिवसांच्या अबोल्यानंतर आलेला गोड मेसेज मोठा फरक घेऊन येतो, म्हणून तो मनात ठसतो. रोज नीट बोलणाऱ्या मित्राचा तसाच मेसेज ठसत नाही, कारण तो येणारच होता. मग मुली मैत्रिणींना सांगतात, ‘तो चांगला आहे गं, पण त्याच्याशी बोलताना काही वाटत नाही.’ धडधड होते तेच खरं प्रेम, ही समजूत या फरकावर पोसलेली आहे.

आणि सोडून न जाण्याचं काय? समजा एकाचं उत्तर हमखास येतं. त्याच्याकडून लागोपाठ पाच मेसेजना उत्तर नाही, म्हणजे काहीतरी बिनसलं, हे लगेच कळतं. दुसरा पाचातून एकदाच धड उत्तर देतो, तेही मनाला येईल तेव्हा. त्याच्याकडून लागोपाठ पाच वेळा काहीच न येण्याची शक्यता ०.८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ३३ टक्के. हे तर नेहमीचंच! सगळं संपलंय की नेहमीसारखं चाललंय, हे आतल्या माणसाला ओळखताच येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला ते सोपं वाटतं, कारण तो या मोजणीत नसतो.

कबुतरांवरून माणसावर उडी मारायची घाई नको, हे खरं. माणसाच्या बाबतीत भीती असते, पैसा असतो, ‘घरी कळलं तर’ असतं. तरी कॅनडात डोनाल्ड डटन आणि सुसान पेंटर यांनी छळाच्या नात्यातून बाहेर पडलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा छळ जिथे अधूनमधून, आलटून पालटून झाला होता आणि सत्ता एकाच्याच हाती होती, तिथे नातं तुटून महिने लोटल्यावरही ओढ अधिक टिकलेली आढळली. हे काम १९९३ मध्ये छापून आलं. म्हणून मी मुलांना सांगतो, चांगले दिवस किती गोड होते ते मोजू नका. ‘नाही’ म्हटल्यावर पुढचे दोन दिवस कसे जातात, ते बघा.

या यंत्रणेवर पांघरूण घालायचं काम आपल्या ठरीव कल्पना करतात. मुलगा संशयी असला तर ‘पुरुषाची जात’, मुलीने सोसलं तर ‘समजूतदार’. या कल्पना कॉलेजात शिकवल्या जात नाहीत, फार आधी आत गेलेल्या असतात. लिन बियान आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मुलांवर केलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षांच्या मुली ‘खूप खूप हुशार’ म्हणून मुलींकडे बोट दाखवत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये ते प्रमाण मुलग्यांपेक्षा घटलं होतं. फटका मुलग्यांनाही बसतोच. मैत्रीण रोज फोन तपासते असं एखाद्याने सांगितलं तर वर्ग हसतो, आणि तो पुन्हा कुणाला काही सांगत नाही.

मूल्यांचं तासिकेतलं प्रवचन मला फारसं पटत नाही. शालोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये मूल्यांचे दहा गट एका वर्तुळात मांडले, त्यात स्वतःचं स्वतः ठरवणं आणि इतरांच्या अपेक्षेत बसणं समोरासमोर येतात. हे वर्गात सांगितलं की मुलं जांभया देतात. त्यापेक्षा विचारावं: या वर्षभरात तू काय सोडलंस, आणि कुणी सांगितलं म्हणून? जत्रेतल्या नाटकाच्या तालमीला जाणं बंद झालं, कारण तालमीत मुलगे असतात. चतुर्थीच्या फुगडीचा व्हिडिओ टाकायचा नाही, कारण लोक बघतात. अशी यादी मुली भराभर लिहितात.

इथे वशीकरणवाल्यांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. ‘रुसलेलं प्रेम २४ तासांत परत’ अशा त्यांच्या जाहिराती असतात. बेभरवशाच्या नात्यात रुसलेला माणूस बऱ्याचदा आपणहून परत येतोच, म्हणून त्यांचा धंदा चालतो.

शेवटी त्याच कबुतरांची एक व्यवहारात लागणारी गोष्ट. दाणे अचानक बंद केले, तर सोडून देण्याआधी काही वेळा टोच्यांचा जोर उलट वाढतो. नातं तोडल्यावर समोरच्याचे चाळीस मेसेज येतात, तेव्हा हेच चाललेलं असू शकतं. एकेचाळिसाव्याला ‘बस कर ना’ एवढं जरी उत्तर दिलं, तरी चाळीस पाठवले की काम होतं, हे तो शिकतो. शिवाय नातं तोडण्याचा काळच मारहाणीच्या दृष्टीने जास्त धोक्याचा असतो, हे अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. म्हणून ‘आपलं संपलं’ हे एकदा स्पष्ट सांगावं, ते एकटीने भेटून सांगू नये, पुढे उत्तर देऊ नये, पण मेसेज पुसूही नयेत. स्क्रीनशॉट मोठ्या माणसाच्या फोनवरही ठेवावेत. नको म्हटल्यावरही मुलीच्या मागे लागत राहणं, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. अठरा वर्षांखालच्यांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, आणि कुणी दारात येऊन उभं राहिलं तर ११२.