ऊन लागलं की उष्माघात? घामावर जाऊ नका

मे महिन्यात विदर्भात धसकटं वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्याला ऊन लागणं काय असतं हे मी नव्यानं काय सांगणार! डोकं ठणकतं, मळमळतं, पिंडऱ्यांत गोळे येतात, अंग घामानं चिंब होतं. सावलीत बसवायचं, लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा) घालून घोटघोट पाजायचं. माणूस सावरतो. त्या दिवशी मात्र पुन्हा उन्हात पाठवायचं नाही.

उष्माघात ओळखताना गडबड होते ती घामामुळे. ‘उष्माघातात घाम थांबतो, कातडी कोरडी पडते’ हे वाक्य दर उन्हाळ्यात व्हॉट्सॲपवर फिरतं आणि दर उन्हाळ्यात माझं डोकं फिरवतं. ते अर्धंच खरं आहे. पत्र्याच्या घरात पडून असलेल्या म्हाताऱ्याचा उष्माघात बहुधा तसा कोरडा असतो. पण वावरात राबणाऱ्या तरण्याताठ्या गड्याच्या अंगात उन्हासोबत स्वतःच्या स्नायूंचीही उष्णता साठत जाते. आतून अंग ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि वरून घाम वाहतच असतो. ‘घाम येतोय ना, मग काही नाही’ म्हणत त्याला बाभळीखाली आडवं करून बाकीचे आपापली पाथ धरतात, आणि तासाभरानं बघावं तर तो हाकेला ओ देत नाही.

म्हणून कातडी सोडा, डोकं तपासा. नाव विचारा. हे वावर कोणाचं, आज वार कोणता, विचारा. बरळत असेल, उगाच अंगावर येत असेल, झोकांड्या जात असतील, झटका आला किंवा शुद्ध गेली, तर उष्माघातच धरून चाला. थर्मामीटर शोधू नका. काखेत तो अशा वेळी कमीच दाखवतो.

लगेच १०८ला फोन, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहायचं. कपडे सैल करा, मोटर सुरू करा, लाइन गेली असेल तर पिण्याचा ड्रम रिकामा करा, वारा घाला. पहिला अर्धा तास फार मोलाचा, तो गाडीची वाट बघण्यात घालवू नका. भान नसलेल्याला पाणी पाजू नका, ते फुप्फुसात जातं. तापाची गोळीही नको. हा ताप नव्हे, तिचा इथं उपयोग नाही. खिशातल्या कांद्याला माझा विरोध नाही, भाकरीसोबत बरा लागतो.

आणि तेंदूपत्त्याच्या पुड्यांच्या (जुड्यांच्या) हिशेबानं मजुरी असली की आपणहून कोणी बसत नाही. त्यामुळे कामाला जोड्या लावा, एकानं दुसऱ्यावर लक्ष ठेवायचं. उष्माघात झालेला माणूस स्वतः सांगत नाही. उलट ‘मला काही झालं नाही’ म्हणून तोच भांडतो.