भूतान भारताचं ‘ऐकतो’ म्हणजे काय? एका जुन्या क्लॉजची पार्श्वभूमी

भारत, चीन आणि भूतान जिथे मिळतात तिथल्या डोकलाम पठाराचं नाव बातम्यांत आलं की आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, भूतानची फॉरेन पॉलिसी दिल्लीतच ठरते. दुसरं, मग भूतान चीनशी परस्पर कसा काय बोलतो, आपल्याला विचारलं नाही का. दोन्ही वाक्यं मी एकाच माणसाच्या तोंडून ऐकलीत. पहिलं वाक्य पूर्ण खरं कधीच नव्हतं आणि 2007 नंतर तर ते कागदावरही उरलं नाही, पण लोकांच्या डोक्यात ते इतकं घट्ट का बसलंय हे कळायचं असेल तर एका क्लॉजचा माग काढावा लागतो.

फार मागे जात नाही. 1865 ला दुआरच्या लढाईनंतर डोंगरपायथ्याची सुपीक पट्टी इंग्रजांकडे गेली आणि बदल्यात भूतानला वर्षाला ठरावीक रक्कम मिळायला लागली. 1907 ला आत्ताचं राजघराणं गादीवर आलं. 1910 ला पुनाखात नवा करार झाला, तेव्हा चीनची फौज ल्हासाकडे निघालेली होती त्यामुळे इंग्रजांना घाई होती, त्यांनी रक्कम 50 हजारांवरून 1 लाख केली आणि एक वाक्य घालून घेतलं: तुमच्या आतल्या कारभारात आम्ही पडणार नाही, बाहेरच्या संबंधांत मात्र तुम्ही आमच्या सल्ल्याने ‘गाइड’ व्हायचं.

8 ऑगस्ट 1949 ला दार्जिलिंगला स्वतंत्र भारताने भूतानशी करार केला तेव्हा हेच वाक्य दुसऱ्या कलमात जवळपास जसंच्या तसं आलं, ब्रिटिश सरकारच्या जागी भारत सरकार एवढाच काय तो फरक. सोबत देवनगिरीचा 32 चौरस मैलांचा भाग परत दिला आणि वर्षाला 5 लाख रुपये ठरले. मला ही गोष्ट खटकते. दोन वर्षांपूर्वी स्वतः मोकळ्या झालेल्या देशाने साम्राज्याच्या मसुद्यातलं वाक्य शेजाऱ्यासाठी तसंच वापरावं हे बरं दिसत नाही. पण भूतानच्या बाजूने बघितलं तर त्या क्षणी ही कमाईच होती, कारण आजूबाजूची संस्थानं एकेक करून विलीन होत होती आणि भूतानला मात्र वेगळा देश म्हणून करार मिळाला.

आता त्या वाक्याचा अर्थ. मूळ इंग्रजीत शब्द आहेत ‘टू बी गायडेड बाय द अ‍ॅडव्हाइस’. हे मराठीत आणायला गेलं की घोटाळा लगेच दिसतो. सल्ल्यानुसार वागणे म्हणावं, सल्ला विचारात घेणे म्हणावं, का सल्ला ऐकणे? आपल्याकडे ‘ऐकणं’ या एकाच शब्दात दोन्ही येतं, कानावर घेणं पण आणि त्याप्रमाणे वागणं पण. आई ‘माझं ऐक’ म्हणते तेव्हा तिला नुसतं कान देणं नको असतं, आणि ‘ऐकून घेतलं त्याचं’ असं आपण सांगतो तेव्हा तसं वागलोच असा त्याचा अर्थ होत नाही. दिल्लीने या कलमात ‘त्याप्रमाणे वागणं’ हा अर्थ धरला, थिंफूने, म्हणजे भूतान सरकारने, नुसता ‘कानावर घेणं’ हा. दिल्लीचं म्हणणं साधारण असं की सल्ला दिला की तो बांधील आहे. थिंफूचं म्हणणं असं की सल्ला आम्ही आदराने घेऊ, पण तो मानायचा की नाही हे आम्ही ठरवू, आणि प्रत्येक गोष्टीत आधी विचारलंच पाहिजे असं कलमात कुठेही लिहिलेलं नाही. ते खरंच लिहिलेलं नव्हतं. कधी विचारायचं, नाही मानलं तर काय, कशाचाच उल्लेख नाही.

ही नुसती शब्दांची ओढाताण वाटत असेल तर शेजारच्या सिक्कीमचा 1950 चा करार बघा. तिथे भाषा एकदम स्पष्ट आहे, परराष्ट्र संबंध फक्त भारत सरकार चालवेल आणि सिक्कीम कुठल्याही परकीय सत्तेशी व्यवहार करणार नाही. म्हणजे ज्यांना दार पूर्ण बंद करायचं होतं त्यांना ते कसं लिहायचं हे नीट माहीत होतं, आणि भूतानच्या बाबतीत त्यांनी तसं लिहिलं नाही. सिक्कीम 1975 ला भारतात विलीन झालं. भूतान तेव्हा युनोचा मेंबर होऊन चार वर्षं झाली होती. हा फरक एका क्रियापदामुळे पडला असं मी म्हणणार नाही, पण त्या क्रियापदाने भूतानला जी फट ठेवली ती त्याने वापरली हे नक्की.

वापरली कशी, तर कलमाशी भांडत न बसता. 1959 ला चीनने तिबेटमधला उठाव चिरडला त्यानंतर भूतानने उत्तरेची बॉर्डर आणि शेकडो वर्षांचा व्यापार बंद केला आणि तोंड दक्षिणेकडे वळवलं. 1961 ची पहिली पंचवार्षिक योजना पूर्ण भारताच्या पैशावर होती, फुंटशोलिंग ते थिंफू रस्ता भारताने बांधला. एवढा आधार घेतानाच 1962 ला कोलंबो प्लॅन, 1969 ला जागतिक पोस्टल संघटना, 1971 ला युनो, असं एकेक पाऊल भूतान टाकत गेला, आणि युनोसाठी भारतानेच साथ दिली हे विसरून चालणार नाही. 6 डिसेंबर 1971 ला बांगलादेशला मान्यता दोघांनीही एकाच दिवशी दिली, आधी कोणी यावर पुढे बरीच चर्चा झाली.

1979 ला हवानाच्या अलिप्त देशांच्या परिषदेत कंबोडियाची जागा कोणत्या सरकारला द्यायची यावरून भूतानने भारतापेक्षा वेगळी भूमिका घेतली. तिथून परतताना भूतानचे राजे मुंबईत थांबले आणि मुंबईतल्याच प्रेस कॉन्फरन्समध्ये त्यांनी 1949 चा करार अपडेट करायला हवा असं सांगितलं. करार बदलायला त्यानंतर 28 वर्षं लागली. मधल्या काळात भूतान काय करत होता ते बघण्यासारखं आहे. 1984 पासून चीनशी सीमेची बोलणी तो स्वतः करायला लागला, त्याआधी हा विषय भारतच चीनकडे मांडायचा. 1985 ला अण्वस्त्र प्रसारबंदी करारात सामील झाला, ज्यावर भारताने आजही सही केलेली नाही. आणि 1996 ला अणुचाचणी बंदी करार युनोत मताला आला तेव्हा विरोधात मतं पडली फक्त तीन, भारत, लिबिया आणि भूतान. 1985 आणि 1996 शेजारी शेजारी ठेवून बघा. जिथे भारताच्या जिव्हारी लागतं तिथे भूतान सोबत उभा राहिला, बाकी ठिकाणी स्वतःचं बघितलं.

मग 2003 चा डिसेंबर. ईशान्येतल्या तीन बंडखोर गटांचे कॅम्प भूतानच्या दक्षिणेच्या जंगलात होते, आधी बरीच वर्षं समजावून झालं, शेवटी भूतानने स्वतःची छोटी आर्मी उतरवली आणि ते कॅम्प उठवले. सैनिक गेले, आणि आधुनिक काळात असा धोका त्या देशाने पूर्वी कधी पत्करला नव्हता. माझ्या मते 2007 च्या कराराचा खरा पाया इथे पडला. 8 फेब्रुवारी 2007 ला नव्या करारावर सह्या झाल्या आणि दुसऱ्या कलमातून ‘सल्ला’ हा शब्दच गेला. आता तिथे आहे की दोन्ही देश राष्ट्रीय हिताच्या प्रश्नांवर एकमेकांशी जवळून सहकार्य करतील आणि कोणीही आपली जमीन दुसऱ्याच्या सुरक्षेविरुद्ध वापरू देणार नाही. 97 वर्षांनी ते वाक्य संपलं.

कागदावर संपलं, पण पैशाचं काय? भूतानचं चलन ङुल्ट्रम भारतीय रुपयाला 1:1 बांधलेलं, वीज घेणारा भारत, पेट्रोल आणि गॅस देणारा भारत. 2012 ला भूतानमध्ये रुपयांचाच तुटवडा झाला होता, लोकांना बँकेतून रुपये मिळेनात. त्याच वर्षी रिओमध्ये भूतानच्या पंतप्रधानांची चीनच्या पंतप्रधानांशी भेट झाली आणि दिल्लीत चलबिचल झाली. 2013 च्या जुलैत, मतदानाला दोन आठवडेही उरले नव्हते तेव्हा, गॅस आणि केरोसिनवरची भारताची सबसिडी बंद झाली. सत्ताधारी पक्ष हरला. भारताचं म्हणणं की जुनी व्यवस्था जूनअखेर संपत होती, टायमिंगचा इलेक्शनशी संबंध नाही. असेलही, पण ज्या घरात सिलिंडर अचानक महाग झाला तिथे ते पटलं नाही, आणि मलाही ते पुरतं पटत नाही. नंतर सबसिडी परत चालू झाली.

2017 च्या डोकलामबद्दल सगळ्यांना माहितीय, चीन तिथे रस्ता बांधायला लागला आणि भारत-चीनचं सैन्य 73 दिवस समोरासमोर उभं होतं वगैरे. त्यात एक गोष्ट निसटते. भूतानने जाहीर बोललं ते फार कमी, 29 जूनचं एक निवेदन, की चीनचा रस्ता आमच्या हद्दीत आहे आणि सीमेबाबत चीनशी झालेल्या 1988 व 1998 च्या समजुतींचा भंग करतो. त्यात भारताचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी भारताचं निवेदन आलं आणि त्यात शब्द होता ‘समन्वय’, म्हणजे भूतानशी समन्वय साधून भारतीय जवान पुढे गेले. सल्ला नाही, विनंती नाही, समन्वय. 2007 च्या भाषेत बसणारा हा शब्द आहे आणि तो विचार करून निवडलेला असावा.

चीनने पूर्वी भूतानला अदलाबदलीचा प्रस्ताव दिला होता, उत्तरेतला 495 चौरस किलोमीटरचा दावा सोडतो, पश्चिमेतले 269 द्या. डोकलाम त्या पश्चिमेच्या पट्ट्यात येतं. भूतानसाठी हिशेब सरळ फायद्याचा दिसतो, पण तिथून ईशान्य भारताला बाकी देशाशी जोडणारी सिलिगुडीची चिंचोळी पट्टी जवळ आहे आणि म्हणून तो हिशेब कधी नुसता भूतानचा राहिला नाही. 2020 ला चीनने पूर्वेच्या साकतेंग अभयारण्यावर पण हक्क सांगितला, जो विषय आधीच्या फेऱ्यांमध्ये नव्हताच. तरी 14 ऑक्टोबर 2021 ला दोघांनी तीन टप्प्यांच्या रोडमॅपवर सही केली. 2023 च्या मार्चमध्ये भूतानच्या तेव्हाच्या पंतप्रधानांनी एका बेल्जियन पेपरला सांगितलं की डोकलामचा प्रश्न तिघांनी मिळून सोडवायचा, तिन्ही देश समान आहेत, कोणी मोठा छोटा नाही. आपल्या टीव्हीवर दोन दिवस आरडाओरडा झाला, भूतान बदलला म्हणून. ‘तिघं समान’ हे एका छोट्या देशाने जाहीर म्हणायला नको होतं असं कोणाला वाटत असेल तर ते अजून 1910 चंच वाक्य धरून बसलेत.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये भूतानचे परराष्ट्रमंत्री बीजिंगला गेले आणि सीमेच्या बोलण्यांची 25 वी फेरी झाली, 24 वी 2016 ला झाली होती. भूतान आणि चीन यांच्यात राजनैतिक संबंध मात्र अजूनही नाहीत, तसे ते सुरक्षा परिषदेच्या पाचही कायम सदस्यांपैकी कोणाशीच नाहीत, आणि सीमारेषा अजून आखायचीच आहे.