बाइट द बुलेट

इंग्रजीतील एक वाक्प्रचार. टाळता न येणारे दुःख, नुकसान किंवा नकोसा निर्णय कुरकुर न करता सोसणे, असा त्याचा अर्थ आहे. शब्दशः पाहिले तर ‘बंदुकीची गोळी दातांत धरणे’. मराठी माणूस अशा वेळी छातीवर दगड ठेवतो.

या वाक्प्रचाराच्या उगमाची सर्वांत लाडकी कथा रणांगणावरची आहे. भूल द्यायची सोय नाही, सर्जन पाय कापतो आहे आणि जखमी शिपाई शिशाची गोळी चावत पडला आहे. दृश्य झकास, पण पुरावा तोकडा. उताण्या माणसाच्या तोंडात गोळी दिली तर ती घशात अडकायची भीती. त्यापेक्षा चामड्याचा पट्टा किंवा लाकडाचा तुकडा बरा. शिवाय १८४६ मध्ये बॉस्टनला ईथर आणि १८४७ मध्ये एडिंबरोला क्लोरोफॉर्म यशस्वी ठरले, त्यामुळे अमेरिकी यादवी युद्धात (१८६१–६५) बहुतेक मोठ्या शस्त्रक्रिया भूल देऊनच झाल्या. जुन्या रणभूमींवर दातांचे वण असलेल्या गोळ्या सापडतात हे खरे, पण त्यांतल्या कित्येक डुकरांनी चघळलेल्या आहेत.

लेखी पुरावा मिळतो तो फटक्यांच्या शिक्षेचा. फ्रान्सिस ग्रोझ यांच्या बाजारू इंग्रजीच्या कोशात, १७९६ च्या आवृत्तीत, ‘नाइटिंगेल’ (एरवी एक गाणारा पक्षी) म्हणजे फटके खाताना ओरडणारा शिपाई अशी नोंद आहे. ब्रिटिश फौजेत शिपायाला हॅलबर्ड नावाच्या भाल्यांच्या तिकटीला बांधून नऊ पदरी चाबकाने फोडत. काही पलटणींच्या ग्रेनेडिअरांत, म्हणजे निवडक शिपायांत, तोंडातून आवाज काढणे नामुष्कीचे मानले जाई, म्हणून ते गोळी चावत राहत. म्हणजे प्रश्न वेदनेपेक्षा अब्रूचा होता. ही शिक्षा ब्रिटिश सैन्यात १८८१ मध्ये बंद झाली.

१८५७ च्या एन्फील्ड काडतुसांशीही या शब्दांचा संबंध जोडला जातो. तो पटत नाही. ग्रोझची नोंद त्याआधी साठ वर्षांची आहे आणि शिपाई दातांनी फाडत ते काडतुसाचे कागदी वेष्टन, गोळी नव्हे.

आलंकारिक अर्थाचा सुरुवातीचा ठळक वापर रुडयार्ड किपलिंग यांच्या १८९१ च्या ‘द लाइट दॅट फेल्ड’ या कादंबरीत आढळतो. दृष्टी गेलेला चित्रकार भीतीने सैरभैर होतो. मित्र त्याला घट्ट धरून सांगतो, गोळी चाव, घाबरलास हे त्यांना दिसू देऊ नकोस. इथेही भीती लोकांना न दिसण्यावरच भर आहे. किपलिंग यांचा जन्म १८६५ चा, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या आवारातला, वडील तिथे शिकवत.

आज हे शब्द अर्थसंकल्पापासून नोकरकपातीपर्यंत सगळीकडे येतात आणि बऱ्याचदा गोळी चावायची असते ती दुसऱ्यानेच. तत्त्वज्ञानात मात्र त्यांना नेमका अर्थ आहे : आपल्या सिद्धांतातून निघणारा विचित्र निष्कर्ष नाकारण्याऐवजी पत्करणे. दंगल टाळण्यासाठी निरपराध माणसाला फासावर चढवणे उपयुक्ततावादात (ज्यातून एकूण सुख सर्वाधिक ते योग्य, या मतात) योग्य ठरू शकते, हे ऑस्ट्रेलियातील तत्त्वज्ञ जे. जे. सी. स्मार्ट यांनी नाखुशीने का होईना, मान्य केले. त्यावरून अमेरिकी तत्त्वज्ञ डॅनिएल डेनेट यांच्या विनोदी कोशात ‘आउटस्मार्ट’ (एरवी अर्थ : हुशारीत मात करणे) हे क्रियापद स्मार्ट यांच्या नावावर कोटी करत दाखल झाले. तिथला अर्थ : प्रतिपक्षाने हास्यास्पद म्हणून दाखवलेला निष्कर्ष कवटाळणे.